एकट्याने खेळायच्या गेमला लाँचरची सक्ती कशासाठी?

कृष्णाकाठ

मंडळी, पीसीवर खेळणाऱ्यांना एक प्रश्न विचारायचा आहे. जरा सविस्तर लिहिते.

मी कराडला असते. दिवसभर पतसंस्थेत हिशेब, रात्री जेवणं उरकली की तास-दीड तास गेम. ऑनलाइन सामन्यांत मला रस नाही. गोष्ट असलेले, एकटीने शांतपणे खेळायचे गेम आवडतात आणि ते मी पैसे देऊनच घेते.

मे महिन्यात पाटणच्या पुढे आमच्या गावच्या घरी लॅपटॉप घेऊन गेले होते. भाचाही आला होता, आणि जुन्या किल्ल्यातून कोडी सोडवत बाहेर पडायचा एक गेम त्याला खेळायचा होता. गेम लॅपटॉपवर आधीच घातलेला होता. तिथे ब्रॉडबँड नाही. माडीवरच्या खिडकीच्या कोपऱ्यात फोन ठेवला तरच थोडी रेंज येते, तिथूनच हॉटस्पॉट घ्यायचा. आयकॉनवर क्लिक केलं तर गेमच्या आधी लाँचर उघडला, म्हणजे गेम विकणाऱ्या कंपनीचा तो प्रोग्राम ज्यातूनच गेम सुरू करावा लागतो. त्याने आधी स्वतःलाच अपडेट करायला घेतलं. दिवसाचा दीड जीबी त्यातच संपला. मग म्हणाला, पुन्हा लॉगिन करा, ईमेलवर कोड पाठवला आहे. ईमेल उघडायला नेट कुठून आणायचं? पोरगं पडद्याकडे बघत बसलं होतं. गेमच्या सगळ्या फाइली त्याच हार्ड डिस्कवर होत्या, आणि तो चालायला इंटरनेट मुळीच लागत नाही.

कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण मुद्दा एका कंपनीचा नाही. ही वहिवाट जुनी आहे. हाफ-लाइफ 2 नोव्हेंबर 2004 मध्ये आला तेव्हा दुकानातून डबा आणला, डिस्क घातली, तरी स्टीम या ऑनलाइन गेमच्या दुकानात (त्याचाच लाँचरही असतो) खातं उघडून इंटरनेटवरून परवानगी घेतल्याशिवाय तो सुरू होत नव्हता. जगभर लोक चिडले होते. आपल्याकडे तर बीएसएनएलचं डेटावन ब्रॉडबँडच जानेवारी 2005 मध्ये आलं, तेही 256 केबीपीएस. पुढे 2015 मध्ये मेटल गिअर सॉलिड 5 चा पीसीचा डबा निघाला. त्यातल्या डिस्कवर गेमच नव्हता. होता फक्त स्टीमचा इन्स्टॉलर, जेमतेम 9 एमबीचा. बाकीचे पंचवीस-तीस जीबी घरी बसून डाउनलोड करायचे.

दुकान ऑनलाइन असण्याला माझा विरोध नाही. घरबसल्या गेम मिळतो, रुपयांत मिळतो, हे चांगलंच आहे. पण एकदा पैसे मोजून गेम घरी आणला की तो सुरू करताना दर वेळी दुकानदाराने दारात उभं का राहावं? तुम्हाला हे पटतं का? पटत नसेल तर तुम्ही काय करता?

पिक्सेलपाटील

ताई, तुमची चीड समजू शकतो. मी मात्र काउंटरच्या पलीकडचा आहे. पुण्यात आम्ही तिघं मिळून छोटे गेम करतो.

डब्यांच्या जमान्यात आमच्यासारख्यांना कुणी उभं केलं नसतं. डिस्क छापायची, वितरक गाठायचा, दुकानात जागा मिळवायची, न खपलेला माल परत घ्यायचा. आता स्टीमवर एका गेमचे 100 डॉलर भरले की ब्राझीलपासून जपानपर्यंत कुणीही तो घेऊ शकतं, आणि 1,000 डॉलरची विक्री झाली की ते 100 डॉलरही परत मिळतात. आमच्या गेममध्ये एका ठरावीक ग्राफिक्स कार्डावर पडदा काळा पडत होता. रात्री तक्रारी आल्या, सकाळपर्यंत दुरुस्ती सगळ्यांच्या मशीनवर पोचली. डिस्क विकली असती तर त्या लोकांना गाठलं कसं असतं?

गिऱ्हाइकाचाही फायदा आहे. जून 2015 पासून स्टीमवर 14 दिवसांच्या आत आणि 2 तासांपेक्षा कमी खेळला असेल तर गेम परत करता येतो. फोडलेला डबा कुठल्या दुकानदाराने परत घेतला असता?

30 टक्के कमिशन मलाही बोचतं. त्याहून बोचतं ते हे की 2018 च्या अखेरीपासून 1 कोटी डॉलरच्या वरच्या कमाईला 25 आणि 5 कोटींच्या वरच्या कमाईला 20 टक्के असा दर आहे. म्हणजे सवलत मोठ्यांना आणि पूर्ण दर आमच्यासारख्या लहानांना.

पण एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते, म्हणून मुद्दाम सांगतो. स्टीमवर विकायचं तर डीआरएम, म्हणजे स्टीमशिवाय गेम चालू न देणारं कुलूप, लावलंच पाहिजे असं बंधन नाही. ते लावायचं की नाही हे गेम करणारा ठरवतो. आम्ही लावलेलं नाही. एकदा डाउनलोड केला की स्टीम बंद ठेवा, फोल्डरमधली गेम सुरू करणारी एक्सई फाइल थेट उघडा, गेम चालतो. फोल्डर पेनड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या मशीनवर टाकलात तरी चालतो. तेव्हा राग दुकानावर काढण्याआधी तो गेम कुणाचा आहे तेही बघा.

वऱ्हाडी गेमर

पाटीलसाहेबांशी बराचसा सहमत. मला तर एकच दुकान असलं तर हवंच आहे. माझे सगळे गेम, सेव्ह, मित्र एका जागी आहेत. वैताग येतो तो लाँचरच्या आत लाँचर असतो तेव्हा. 2011 मध्ये ईए या गेम कंपनीने ओरिजिन हे आपलं दुकान-लाँचर काढलं आणि बॅटलफील्ड 3 साठी ते सक्तीचं केलं. मग यूबीसॉफ्टचं वेगळं, रॉकस्टारचं वेगळं. स्टीमवर घ्या, तिथून त्यांचा लाँचर उघडा, मग त्यांचं लॉगिन. डिसेंबर 2018 मध्ये एपिक या गेम कंपनीचं दुकान आलं, कमिशन फक्त 12 टक्के. ऐकायला छान वाटलं. पण खेळणाऱ्याच्या वाट्याला काय आलं? मेट्रो एक्सोडस हा गेम बाजारात यायला दोन-अडीच आठवडे उरले असताना स्टीमवरची विक्री थांबवून तो एपिकवर नेला. आधी नोंदवलेल्यांना स्टीमवर मिळाला, बाकीच्यांनी नवं खातं उघडा. याला स्पर्धा म्हणत नाहीत. स्पर्धा म्हणजे एकच वस्तू दोन दुकानांत असते आणि गिऱ्हाईक दुकान निवडतं.

आणि लाँचर मेला की गेमचं काय होतं, ते जीटीए 4 मध्ये दिसलं. डिसेंबर 2008 मध्ये पीसीवर आला तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या गेम्स फॉर विंडोज लाइव्ह या ऑनलाइन सेवेला बांधलेला होता. ती सेवा मरणपंथाला लागली. जानेवारी 2020 मध्ये गेम स्टीमवरून काढावा लागला, कारण विकायला गेम चालू करायचे नवीन कोडच तयार होईनात. मार्चमध्ये परत आणला, पण मल्टीप्लेअर (इतरांबरोबर ऑनलाइन खेळायचा भाग) कापून. गेममध्ये बिघाड काहीच नव्हता हो!

ओरडल्याने काही होत नाही असं मात्र समजू नका. हेलडायव्हर्स 2 ला मे 2024 मध्ये सोनीने पीएसएन, म्हणजे त्यांच्या प्लेस्टेशनच्या ऑनलाइन सेवेचं खातं सक्तीचं करायचं ठरवलं, आणि जगातल्या कित्येक देशांत पीएसएन मिळतच नाही. लोकांनी असा गदारोळ केला की काही दिवसांतच निर्णय मागे घ्यावा लागला.

कॅफेवाला नाना

आमच्या नाशिकच्या कॅफेत काउंटर-स्ट्राइक 1.5 लॅनवर चालायचा. इंटरनेटचा संबंध नाही, आठ पोरं शेजारी शेजारी बसून आरडाओरडा. जुलै 2004 मध्ये तो ऑनलाइन खेळायचं जुनं वॉन नेटवर्क बंद झालं, ऑनलाइन खेळायचं तर 1.6 ही नवी आवृत्ती आणि स्टीम. आपल्याकडच्या गल्लोगल्लीच्या कॅफेंत मग काय पसरलं ते सगळ्यांना ठाऊक आहे: 'नॉन-स्टीम', म्हणजे स्टीमशिवाय चालणाऱ्या चोरीच्या प्रती. सक्तीने चोरी थांबली नाही. विकत घेणाऱ्याला मात्र खातं, पासवर्ड, अपडेट असं सगळं लागलं. एवढंच सांगायचं होतं.

ऱ्हाइनकर

कृष्णाकाठ, तुमचा प्रश्न इथे जर्मनीत थेट सर्वोच्च पातळीपर्यंत गेला होता. गेमही तोच, हाफ-लाइफ 2. ग्राहक संघटनांच्या महासंघाचं म्हणणं होतं की डिस्क विकत घेतली तर ती दुसऱ्याला विकताही आली पाहिजे. पण खातं हस्तांतरित होत नसेल तर त्या डिस्कचा दुसऱ्याला उपयोग शून्य. फेब्रुवारी 2010 मध्ये कार्ल्सरूहच्या संघीय न्यायालयाने निकाल स्टीमची मालक कंपनी व्हॉल्व्हच्या बाजूने दिला. डिस्क विका, तुम्हाला कुणी अडवलेलं नाही. खातं देता येणार नाही ही अट चालेल.

2012 मध्ये युरोपीय न्यायालयाने वापरलेल्या सॉफ्टवेअरचा परवाना पुन्हा विकता येतो असं म्हटलं, तेव्हा आशा वाटली. फ्रान्समध्ये यूएफसी-क्यू श्वाझीर ही ग्राहक संघटना त्याच जोरावर व्हॉल्व्हशी लढली आणि सप्टेंबर 2019 मध्ये पॅरिसच्या न्यायालयात जिंकलीही. पण ऑक्टोबर 2022 मध्ये अपिलात हरली, आणि 2024 मध्ये वरच्या न्यायालयानेही तेच कायम केलं. कारण असं दिलं की गेम म्हणजे नुसतं सॉफ्टवेअर नव्हे, त्यात संगीत आहे, चित्रं आहेत, कथा आहे, त्यामुळे तो नियम त्याला लागू नाही.

सध्या इथे चर्चा आहे ती 'स्टॉप किलिंग गेम्स'ची. यूबीसॉफ्टने 'द क्रू' या मोटार शर्यतीच्या गेमचे सर्व्हर 31 मार्च 2024 ला बंद केले. त्यात एकट्याने खेळायचा भागही होता, तोही गेला. पुढे लोकांच्या खात्यांतून परवानेही काढून घेतले. त्यावरून रॉस स्कॉट यांनी मोहीम उभी केली आणि युरोपीय नागरिकांच्या याचिकेवर जुलै 2025 मध्ये सह्यांचा दहा लाखांचा टप्पा ओलांडला. मी सही केली आहे. मागणी साधी आहे: बंद करा, पण जाताना गेम चालेल अशा अवस्थेत ठेवून जा.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे आभार. इतकं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं.

पिक्सेलपाटील, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. तुमच्यासारखे तिघं जण पुण्यात बसून जगाला गेम विकू शकतात ही मोठीच गोष्ट आहे, त्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. पण तुम्ही सांगितलंत त्यानेच माझी तक्रार पक्की होते. कुलूप लावायचं की नाही हे करणाऱ्याच्या हातात आहे, म्हणजे लाँचरची सक्ती ही काही तांत्रिक अडचण नाही. तो कुणीतरी बसून घेतलेला निर्णय आहे. आणि तो निर्णय घेणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर चोवीस तास फायबर असलेलं घर असतं. पाटणच्या डोंगरातलं घर नसतं, एकाच लॅपटॉपवर चौघं भावंडं खेळतात ते घर नसतं.

तर माझं मागणं इतकंच आहे, की निदान पैसे देण्याआधी कळू द्या. स्टीमच्या पानावर दुसऱ्या कंपनीचं खातं लागत असेल तर तसं लिहिलेलं असतं, डेनुव्हो नावाचं वेगळं कुलूप असेल तर तेही. पण स्टीम बंद असताना हा गेम चालेल की नाही, ते कुठे असतं? मी आज दुपारच्या सुट्टीत माझ्या यादीतल्या गेमांची पानं उघडून शोधलं, मला सापडलं नाही. कुठलीही बरणी घेताना वजन छापलेलं असतं. ही एक ओळ छापायला काय हरकत आहे? ज्यांनी कुलूप लावलेलं नाही त्यांचा तर तो मोठेपणा आहे, तो त्यांनी मिरवायला हवा. पाटील, तुम्ही तुमच्या पानावर ती ओळ स्वतःच टाकू शकता, नाही का? वर्णनात, पहिल्या परिच्छेदात, पहिल्याच वाक्यात.

वऱ्हाडी गेमर, एकच दुकान बरं, हे मला पटत नाही. सगळे गेम एका जागी असण्याची सोय मला कळते, मीही ती वापरते. पण तुमचं ते एक खातं उद्या काही कारणाने अडकलं तर त्या दिवशी सगळंच अडकेल. जीटीए 4 चं उदाहरण तुम्हीच दिलंत. मायक्रोसॉफ्टएवढ्या कंपनीची सेवा जर अशी विझू शकते, तर कुणाच्या भरवशावर आयुष्यभराची खरेदी एका ठिकाणी ठेवायची?

ऱ्हाइनकर, निकाल वाचून वाईट वाटलं. माझ्या लहानपणी गेमची सीडी आमच्या आळीत फिरायची. दादाने आणलेली शेजारच्या सुहासकडे जायची, त्याची आमच्याकडे यायची. डिजिट मासिकासोबत येणाऱ्या डिस्कवरचे डेमो तर डझनभर घरांत फिरून यायचे. त्यातूनच मला ही आवड लागली. आज माझ्याकडे किती तरी गेम आहेत जे मी एकदा संपवले आणि पुन्हा उघडणार नाही. ते भाच्याला द्यावेत असं वाटतं, तर खात्यासकट मीच त्याच्या मशीनवर जाऊन बसायला हवं. एका घरातल्यांना एकमेकांचे गेम खेळता यावेत म्हणून स्टीमचं फॅमिली शेअरिंग आहे, माहीत आहे. पण बहिणीचं घर साताऱ्याला आहे, ते एक घर धरलं जात नाही. गाणं, संगीत, चित्रं आहेत म्हणून गेम वेगळा, असं न्यायालय म्हणतं. पुस्तकातही चित्रं असतात, तरी ते मी भाच्याला देऊ शकते.

या धाग्यानंतर मी एक ठरवलं आहे. जो गेम जीओजी या ऑनलाइन दुकानात मिळतो तो तिथूनच घेणार, चार पैसे जास्त पडले तरी. पोलंडची ही मंडळी 2008 पासून डीआरएमशिवाय विकताहेत. इन्स्टॉलरची फाइल हातात मिळते, ती मी बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवते आणि गावी नेते. द विचर 3 सारखा अवाढव्य गेमही तसाच मिळतो, म्हणजे मोठ्या गेमला हे परवडत नाही असंही कुणी सांगू नये.

आता सगळ्यांना एक विनंती. तुमच्या मशीनवर असलेला कुठलाही एकट्याने खेळायचा गेम घ्या. लाँचर पूर्ण बंद करा, खाली घड्याळाशेजारीही त्याचं चिन्ह राहू देऊ नका. वायफाय बंद करा. मग गेमच्या फोल्डरमधली एक्सई फाइल उघडा. चालला, न चालला, की लाँचर स्वतःच परत उघडला, ते गेमच्या नावासकट आणि कुठल्या दुकानातून घेतला त्यासकट इथे लिहा. मी यादी करून पहिल्या पोस्टमध्ये लावत जाईन. माझ्याकडचे तपासायला आज रात्रीपासून सुरुवात करते.