उन्हाळी लागली की धने-जिऱ्याचं पाणी : अपाय खरंच काही नाही?

सईची_आई
आमच्या बिल्डिंगमधल्या बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकीने लिहिलं की लघवीला जळजळ होतेय, सारखं जावंसं वाटतं आणि गेलं की थेंबभरच होते, काय करू. झालं, लगेच उपाय सुरू. धने-जिरे रात्री भिजत घाल, सब्जा, वाळ्याचं पाणी, शहाळं, जवाचं पाणी, गोखरूचा काढा, बेंबीला चुना, आणि एकीने तर ग्लासभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा सांगितला. प्रत्येकीचं शेवटचं वाक्य तेच, करून बघ, अपाय तर काही नाही ना. आता ही मुलगी गरोदर आहे हे ग्रुपमधे सगळ्यांना माहितीये, डोहाळजेवणाची तारीख ठरवतोय आम्ही, तरी लघवी तपासून घे असं एकीलाही सुचलं नाही. मी तिला फोन करून सांगितलं, पण राग काही जाईना म्हणून इथे लिहितेय.

धने-जिरे वाईट आहेत असं माझं म्हणणंच नाही. अपाय होतो तो त्यात वाया जाणाऱ्या दिवसांनी. बहुतेक वेळा हे इन्फेक्शन ई-कोलाय या आतड्यातल्या जंतूचं असतं, बायकांचा लघवीचा मार्ग जेमतेम चार सेंटीमीटरचा, तिथून मूत्राशयात आणि मूत्राशयातून वर किडनीत. गरोदरपणात किडनीतून खाली येणाऱ्या नळ्या सैल पडतात, लघवी तुंबून राहते, म्हणून तर काहीही त्रास नसताना कल्चरमधे, म्हणजे लघवीतले जंतू लॅबमधे वाढवून बघायच्या तपासणीत, जंतू निघाले तरी डॉक्टर तेव्हा औषध देतात, नाहीतर किडनीचं इन्फेक्शन आणि वेळेआधी बाळंतपण याची भीती. आणि सोडा घरातला आहे म्हणून निरुपद्रवी कसा? एका चमच्यात १२०० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम जातं, जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला अख्ख्या दिवसात २००० च्या आत राहा म्हणते. बीपी असलेल्या बाईने तो दिवसातून तीनदा घेतला तर?

रानवाटा
ताई, गरोदर बाईचं आणि सोड्याचं पूर्ण मान्य. पण त्यावरून सगळ्याच घरगुती उपायांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करू नका. मी अकोल्याची, आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो, उन्हातून आलं की जळजळ, लघवी पिवळीजर्द, ते बहुतेक वेळा इन्फेक्शन नसतंच, अंगातलं पाणी कमी झालेलं असतं, भरपूर पाणी आणि धने-जिरे पोटात गेले की संध्याकाळपर्यंत उतरतं. त्यासाठी कल्चर करत बसायचं का?

आणि प्रत्यक्षात पर्याय काय असतो तेही बघा. डॉक्टर नसतो, मेडिकलवाला असतो. तो पट्टीतून चार गोळ्या कापून देतो, दोन घेतल्या की बरं वाटतं, उरलेल्या डब्यात पडतात आणि पुढच्या वेळी जावेला दिल्या जातात. मला विचाराल तर धन्याच्या पाण्यापेक्षा ती कापलेली पट्टी जास्त धोक्याची आहे. जर्मनीत तर २०१५ मधे रीतसर प्रयोग झालाय, साध्या मूत्राशयाच्या इन्फेक्शनच्या बायकांना आधी नुसतं आयब्युप्रोफेन, म्हणजे दुखणं कमी करणारी गोळी, दिलं आणि साधारण दोन तृतीयांश जणी अँटिबायोटिक न घेता बऱ्या झाल्या. म्हणजे शरीर बऱ्याचदा स्वतःच निभावतं, मग त्याला थोडा वेळ दिला तर बिघडलं कुठे?

लॅबमधली
रानवाटा, प्रयोग बरोबर सांगितलात पण अर्धाच सांगितलात. त्याच प्रयोगात आयब्युप्रोफेनवाल्या गटाला त्रास जास्त काळ झाला आणि किडनीपर्यंत इन्फेक्शन गेलेल्या त्या गटात पाच होत्या, अँटिबायोटिकवाल्या गटात एक. आकडे लहान आहेत, मान्य, पण त्या बायका निवडलेल्या होत्या हो, ताप नाही, गरोदर नाही, आणि मागे डॉक्टर उभा, बिघडलं की लगेच औषध. आपल्याकडच्या बाईच्या मागे कोण उभं असतं? सासूबाई म्हणतात अजून दोन दिवस बघ.

मी रोज लघवीचे कल्चर लावते. मेडिकलवाल्याच्या गोळ्यांबद्दल तुम्ही म्हणता ते अगदी खरं आहे, सिप्रो, नॉरफ्लॉक्स या अँटिबायोटिकना दाद न देणारे ई-कोलाय इतके दिसतात की रिपोर्टवर रेझिस्टंट लिहिताना आता आश्चर्यही वाटत नाही. पण त्यावरचं उत्तर तपासणी हे आहे. कल्चरमधे कळतं कुठलं औषध चालेल, अजून नायट्रोफ्युरँटॉइन आणि फॉस्फोमायसिन ही जुनी औषधं बऱ्याच जणींना लागू पडतात. रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात, तोवर डॉक्टरांच्या सल्ल्याने जे घ्यायचं ते घ्या आणि धने-जिरे खुशाल प्या, कोण अडवतंय.

मेडिकलवाला_सातारा
आम्हाला शिव्या घाला, काही अंशी बरोबरच आहेत. पण एक गोष्ट या धाग्यावर यायलाच हवी. जळजळीवर ते गोड-आंबट सिरप मिळतं ना, पाण्यात घालून घ्यायचं, लोक ते सरबतासारखं घरात ठेवतात. त्याने आणि सोड्याने लघवी अल्कली होते, जळजळ कमी वाटते, जंतू आहेत तिथेच राहतात. आणि वर लॅबमधली ताई म्हणतायत ते नायट्रोफ्युरँटॉइन काम करतं आम्लधर्मी लघवीत. म्हणजे डॉक्टरने गोळी दिली आणि तुम्ही घरून सोड्याचं पाणी चालू ठेवलं की गोळीचा जोर तुम्हीच कमी केलात. सिप्रोबरोबर तर लघवीत खडे धरण्याचा धोका असतो. कृपा करून डॉक्टरला सांगा घरी काय काय घेताय, पेशंट हे सांगतच नाहीत, घरचं आहे म्हणजे औषध नाही असं त्यांना वाटतं.

पुनर्नवा
मी बीएएमएस, म्हणजे आयुर्वेदाची डॉक्टर आहे. मूत्रकृच्छ्र, म्हणजे लघवीला त्रास होणं, आमच्या ग्रंथांत सविस्तर आहे, गोखरू, पुनर्नवा, वरुण ही द्रव्यं आम्ही रोज वापरतो आणि मला त्यांचा अनुभव चांगला आहे. पण मी आधी विचारते, ताप आहे का, शुगर आहे का, पाळी चुकलीय का, खडा होता का, आणि गरज वाटली की लघवी तपासायलाही पाठवते. ग्रुपवरचे सल्ले देणारे लोक यातलं काही विचारत नाहीत आणि नाव मात्र आयुर्वेदाचं घेतात, याचा मला सगळ्यात जास्त त्रास होतो. चंद्रप्रभा वटी सर्रास सांगतात, तिच्यात लोहभस्म, शिलाजित, क्षार आणि मीठं असतात, ती घरगुती उपाय कधीपासून झाली?

नाशिकचा_बापूस
पुरुषांबद्दल कुणी बोलेना म्हणून लिहितो. वडिलांना शुगर, उन्हाळी लागलीय म्हणून आई शहाळी देत होती, मग थंडी वाजून ताप आला तेव्हा हॉस्पिटलात नेलं, प्रोस्टेटमुळे लघवी पूर्ण बाहेरच पडत नव्हती, मागे उरलेल्या लघवीत इन्फेक्शन. डॉक्टर म्हणाले पुरुषाला असा त्रास झाला की तो साधा समजायचाच नाही. आणि शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं, किडनी कमजोर असलेल्यांना किंवा बीपीच्या काही गोळ्या चालू असलेल्यांना ते वाढलं तर हृदयावर येतं. हे आम्हाला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. दुसरं म्हणजे शुगरची हल्ली ती लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी गोळी देतात, डापाग्लिफ्लोझिन, तिच्याने खालच्या जागी बुरशीचं इन्फेक्शन होतं, खाज आणि जळजळ. त्यावर धनेही चालत नाहीत आणि अँटिबायोटिकही नाही.

जर्सीकर_मावशी
इकडे सगळ्या क्रॅनबेरी हे आंबट लाल फळ सांगतात. बरेच अभ्यास एकत्र तपासणाऱ्या २०२३ च्या कॉक्रेन आढाव्याप्रमाणे वारंवार त्रास होणाऱ्या बायकांमधे क्रॅनबेरीने पुन्हा होण्याचं प्रमाण साधारण पाव हिश्शाने कमी होतं. पण ते न होण्यासाठी, झालेलं बरं करायला नाही. वॉरफरिन ही रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांनी विचारूनच घ्यावी. आणि पाळी गेलेल्या बायकांना परत परत होत असेल तर खालच्या जागी लावायच्या इस्ट्रोजेन क्रीमबद्दल गायनॅकला विचारा, लाजू नका, मला खूप फरक पडला.

काउंटर_नं_३
सगळे पाणी प्या पाणी प्या म्हणताय. मी साड्यांच्या दुकानात काउंटरवर असते, दिवसभर उभी. बायकांसाठी संडास नाही, शेजारच्या हॉटेलात जायचं तर मालक घड्याळ बघतो. आम्ही सगळ्या सकाळपासून मुद्दाम पाणी पीत नाही. मुंबईत २०११ पासून राइट टू पी, म्हणजे लघवीला जायच्या सोयीचा हक्क, म्हणून बायका भांडतायत ते याच्यासाठीच ना. आम्हाला हे इन्फेक्शन परत परत होतं ते अज्ञानामुळे नाही. तपासणीला अर्धा दिवस सुट्टी टाकली की पगार कापतात, म्हणून धने-जिरे. स्वस्त आहे आणि रजा लागत नाही.

सईची_आई
काउंटर ताई, हे मी धाग्यात लिहायलाच हवं होतं. पाण्याचा फायदा सिद्ध आहे, २०१८ मधे एक अभ्यास आला, वारंवार त्रास होणाऱ्या आणि दीड लिटरपेक्षा कमी पिणाऱ्या बायकांनी वर्षभर आणखी दीड लिटर प्यायलं आणि त्यांचा त्रास जवळपास निम्म्यावर आला. पण संडासच नसेल तर तो सल्ला कुणाला देतोय आपण.

रानवाटा
माझं मत अजूनही तेच आहे, ज्या बाईला ताप नाही, पाठीत दुखत नाही, रक्त नाही, दिवस गेलेले नाहीत, शुगर नाही, तिने एक दिवस पाणी आणि धने-जिरे करून बघावं, तेवढ्याने कुणी मरत नाही. दुसऱ्या दिवशी जळजळ तशीच असेल तर जावं, इथपर्यंत मी तुमच्या बाजूने येते. बेंबीला चुना मात्र मी कधीच सांगितलेला नाही, त्याने कातडी भाजते. काउंटर ताईंसारखीला सुट्टी न टाकता तपासणी करता येईल का ते सांगा कुणीतरी.

लॅबमधली
येईल. मेडिकलमधे निर्जंतुक डबी मिळते. सकाळी पाण्याने धुऊन, पहिली थोडी लघवी सोडून मधली डबीत घ्या, आतून बोट लागू देऊ नका. दोन तासांत लॅबला पोचवा, जमत नसेल तर फ्रीजमधे ठेवून त्याच दिवशी पाठवा, घरातलं कुणीही आणून देऊ शकतं, तुम्ही यायची गरज नाही. फक्त अँटिबायोटिकची पहिली गोळी घ्यायच्या आधीची हवी. सरकारी रुग्णालयात खर्चही फारसा येत नाही. पण थंडी वाजून ताप किंवा उलट्या असतील तर डबी वगैरे राहू दे, सरळ दवाखाना गाठा.