मारुती ८०० इलेक्ट्रिक केली, घाटात बंद पडते. मोटरला करंट सोडणाऱ्या कंट्रोलरचं सेटिंग सांगा

खटारा_८००:
सपाटीला गाडी मस्त पळते. यवतेश्वर घाट लागला की पहिल्या वळणापर्यंत ठीक, वेग धरला की पंधरा-वीस सेकंदांत फटकन बंद. किल्ली बंद-चालू केली की परत सुरू. करंट ३०० चा ३५० केला तर उलट लवकर पडायला लागली. ४०० करू का? रविवारी सासुरवाडीच्या माणसांना कासला न्यायचंय, जरा लवकर सांगा.

वायरमन:
कुठला करंट? बॅटरीतून निघणारा की फेजचा, म्हणजे कंट्रोलरकडून मोटरला जाणारा? सेल कुठले, किती? बीएमएस, म्हणजे बॅटरी सांभाळणारं सर्किट, किती अँपिअरचा? डॉक्टरकडे जाऊन नुसतं 'दुखतंय' म्हणून भागत नाही हो.

खटारा_८००:
७२ व्होल्ट, नेहमीचाच कंट्रोलर. सॉफ्टवेअरमध्ये करंटचे दोन रकाने आहेत, दोन्ही वाढवले.

ओम्नीवाला:
क्लच ठेवलाय का? मी काढून टाकला. कायम दुसरा गिअर, कटकटच नाही.

पावसाळी:
थ्रॉटल (ॲक्सिलरेटर) बघा. हॉल सेन्सरवाला, म्हणजे चुंबकावर चालणारा, असेल तर सोडलेला असताना साधारण ०.८ व्होल्ट दिसायला हवेत. माझी स्कूटर अशीच बंद पडायची, कनेक्टरमध्ये पाणी निघालं.

वायरमन:
थ्रॉटल गेला असता तर सपाटीलाही रडला असता. खटारा, बंद पडते तेव्हा डिस्प्ले राहतो का? कंट्रोलरचा दिवा लुकलुकतो की तोही जातो?

खटारा_८००:
सगळंच जातं. हेडलाइट राहतो, तो जुन्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर आहे. हां, बीएमएस १०० अँपिअरचा आहे. २४ एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेल.

नियमानुसार:
आरटीओत नोंद केली का? एआयएस-१२३ या सरकारी मानकाप्रमाणे मंजूर झालेलं किटच बसवता येतं. आरसीवर अजून पेट्रोल असेल तर विमाही मिळायचा नाही.

बिनधास्त:
बीएमएस बायपास करा. मी दोन वर्षं तसाच चालवतोय, काही होत नाही.

वायरमन:
बिनधास्त, नाव शोभतंय. एक कमजोर सेल अडीच व्होल्टच्या बराच खाली गेला की कायमचा खराब होऊ शकतो, आणि तुम्हाला कळणारही नाही.
खटारा, बंद बीएमएस करतोय, कंट्रोलर नाही. किल्ली बंद केली की लोड सुटतो आणि तो परत जोडतो. मोटर हळू फिरते तेव्हा फेजमध्ये ३०० जात असले तरी बॅटरीतून ५०-६० च निघतात. वेग वाढला की बॅटरीचा आकडा चढतो. म्हणून उठताना पडत नाही, वेग धरल्यावर पडते. हिशेब करा: सगळं मिळून ९०० किलो, चढ ८ टक्के धरा. ताशी ३० ला बॅटरीतून साधारण ८ किलोवॅट लागतात, म्हणजे ११० अँपिअरच्या वर. ताशी २० ला ७५-८० त भागतं. बॅटरीचा रकाना ८५ करा, फेजचा ३०० वर आणा. पहिल्या-दुसऱ्या गिअरात चढवा.

बिनधास्त:
ताशी २० ने जायचं तर बैलगाडी काय वाईट?

वायरमन:
मग १५० चा बीएमएस घ्या. पण केबल आणि सेल तेवढं सोसतात का ते आधी बघा.

खटारा_८००:
आज ८५ वर चढवली. एकदाही बंद पडली नाही, मागे एसटीवाला भोंगा मारून मारून दमला. वर थांबून बॉनेट उघडलं तर निगेटिव्ह केबलच्या टोकाच्या लगाला (धातूच्या जोडाला) बोट टेकवेना. त्याच्यावरची नारिंगी हीटश्रिंक नळी तपकिरी झालीय. लग केबलवर दाबून बसवायचा क्रिम्पिंगचा प्रेस नव्हता, हातोड्याने ठोकून बसवला होता.

वायरमन:
हे पहिल्या दिवशी सांगायचं! तो कापा, हायड्रॉलिक प्रेसने नवीन दाबून घ्या, मगच पाहुणे बसवा. आणि चार जण बसले तर २० सुद्धा विसरा.

नवा_गडी:
ओम्नीवाले, क्लच काढल्यावर मोटरचा शाफ्ट गिअरबॉक्सला जोडला कसा? माझं तिथंच अडलंय.

ओम्नीवाला:
जुन्या क्लच प्लेटचा मधला दातेरी हब कापून घेतला, लेथवाल्याकडून त्याला मोटरच्या शाफ्टचा कपलर करून घेतला. सेंटर नीट काढा, नाहीतर चाळीसच्या पुढे गाडी थरथरते. पहिला माझा वायाच गेला.