अ‍ॅपलाचियन ट्रेल: मार्चच्या मध्यावर स्प्रिंगरहून निघू की नको? गर्दीची धास्ती बसली आहे

रानजाई

नमस्कार मंडळी. पुढच्या वर्षी अ‍ॅपलाचियन ट्रेल, म्हणजे अमेरिकेच्या पूर्वेकडची लांब डोंगरवाट, सलग चालायची ठरवली आहे. वय ५६. मुलगा मार्गाला लागला, डिसेंबरात नोकरी सोडली, आता माझी पाळी. याच वाटेवरच्या शेनंडोआ राष्ट्रीय उद्यानातले १०० मैल तंबू घेऊन एकटीने चालले आहे. पाठीवर ओझं घेऊन दिवसाला बारा मैल पेलतात.

बेत असा होता की १५ मार्चला जॉर्जियातल्या स्प्रिंगर माउंटनहून निघायचं आणि मेनमधल्या कटाडिन पर्वतावर, वाटेच्या दुसऱ्या टोकाला, पोचायचं. नुसती जागा डोळ्यांखालून घालावी म्हणून यंदा मार्चमधल्या एका शनिवारी स्प्रिंगरवर जाऊन आले, आणि तेव्हापासून झोप उडाली आहे. माथ्यावर ब्राँझच्या पाटीपाशी फोटोसाठी रांग होती. खाली शेल्टरपाशी, म्हणजे मुक्कामाच्या निवाऱ्यापाशी, गेले तर तंबूच तंबू. सदतीसपर्यंत मोजले, पुढे मोजवेना. मी तर एकांतासाठी निघाले आहे.

तारीख बदलू का? गर्दी टाळली तर एकट्या बाईला धोका वाढतो का? आणि वाटेवर पोटाचा आजार पसरतो म्हणतात, तो खरंच इतका असतो का?

सावलीची_वाट

रानजाईताई, मी दोन्ही प्रकारे चाललो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. २०१८ मध्ये मार्चच्या मध्यावर, शनिवारीच, स्प्रिंगरहून निघालो. दहाव्या दिवशी, ११० मैलांवर, उलट्या-जुलाबांनी आडवा झालो आणि घरी परतलो. २०२२ मध्ये हार्पर्स फेरीहून निघालो आणि पूर्ण केली.

ही गर्दी होते कशी ते आधी सांगतो. दर वर्षी ३,००० हून जास्त लोक सलग चालायला निघतात आणि चारातला साधारण एक जण शेवटपर्यंत पोचतो. बहुतेक सगळे दक्षिणेकडून निघतात. कटाडिन ज्या बॅक्स्टर स्टेट पार्कात आहे तिथे ऑक्टोबरच्या मध्यानंतर मुक्काम बंद होतो आणि हवेचाही भरवसा राहत नाही. तिथून सहा-सात महिने मागे मोजले की मार्च-एप्रिल येतो, आणि सगळे तेच गणित मांडतात. त्यातही १ मार्च, १ एप्रिल, मधले शनिवार-रविवार या तारखांना जत्रा भरते. पण म्हणून २,२०० मैलांची वाट सगळीकडे भरलेली नसते. एक पुंजका दक्षिणेकडून हळूहळू वर सरकत असतो, त्यालाच बबल म्हणतात. तुम्ही पाहिलात तो बबलचा सर्वांत दाट भाग. त्याच शेल्टरपाशी ऑक्टोबरात या, तुमच्याशिवाय तिथे क्वचितच कोणी असेल.

आता जे मी कधी विसरणार नाही ते. जॉर्जियातलंच एक शेल्टर, तीन भिंतींचं, दहा-बारा माणसांचं. मी साडेचारला पोचलो तेव्हा फळीवर पथारीला पथारी लागलेली होती. बाहेर तंबू इतके चिकटून, की एकाच्या दोऱ्या दुसऱ्याच्या तंबूखाली. ते मी सोसलं असतं. पण तिथली जमीन बघवत नव्हती. पाचोळ्याचा थर कुठेच उरला नव्हता. नुसती तुडवून घट्ट झालेली माती, आणि तिच्यातून वर आलेली झाडांची मुळं, बुटांनी घासून साल निघालेली, पांढरी पडलेली. रात्री पाऊस झाला. पाणी मुरायला जागाच नव्हती, ते वरच्यावर वाहत झऱ्याकडे गेलं. सकाळी मी बाटली भरायला गेलो तर झऱ्याच्या वरच्या अंगाला, वीसेक पावलांवर, एका दगडाखालून टॉयलेट पेपरचा कोपरा बाहेर आलेला. आम्ही सगळ्यांनी तेच पाणी गाळून प्यायलं होतं.

तेव्हा आजाराबद्दल विचाराल तर हो, खरा असतो. आपण सगळे जो पोकळ तंतूंचा फिल्टर वापरतो तो जिवाणू अडवतो, विषाणू अडवत नाही. उलट्या-जुलाब घडवणारा नोरोव्हायरस त्यातून पार होतो. हँड सॅनिटायझरलाही तो दाद देत नाही. साबण आणि पाण्यानेच हात धुवायचे, तेही झऱ्यापासून ७० पावलं लांब जाऊन. मी दहा दिवस नुसतं सॅनिटायझर चोळत होतो, आणि समोर येईल त्या पिशवीत हात घालून शेंगदाणे खात होतो. आता कोणी खाऊ पुढे केला की मी ओंजळ धरतो आणि पिशवीतून ओतायला सांगतो. एवढ्या एका सवयीने बरंच टळतं.

माझा सल्ला: एप्रिलच्या मध्यावर वेस्ट व्हर्जिनियातल्या हार्पर्स फेरीहून उत्तरेला निघा. कटाडिन गाठा, गाडीने हार्पर्स फेरीला परत या आणि मग दक्षिणेला स्प्रिंगरपर्यंत चाला. यालाच फ्लिप-फ्लॉप म्हणतात. मेरीलँडचे पहिले ४० मैल सौम्य आहेत, गुडघ्यांना सवय होते. मग पेनसिल्व्हेनियाचे दगड आहेतच. मेनमध्ये जुलै-ऑगस्टात पोचता, म्हणजे जूनमधल्या काळ्या माश्यांचा त्रास संपलेला असतो आणि कटाडिनच्या तारखेची टांगती तलवार नसते. पानं रंगतात तेव्हा तुम्ही व्हर्जिनियात असता. माझ्या पहिल्या रात्री शेल्टरात आम्ही चौघे होतो.

पहाटचालणारी

मला थोडं वेगळं म्हणायचं आहे. मी २०२३ मध्ये १९ मार्चला स्प्रिंगरहून निघाले, वय २७, एकटी. चौथ्या रात्री पारा शून्याखाली गेला आणि माझी स्लीपिंग बॅग पावसाने भिजलेली. शेल्टरात आधीच दाटी होती. तरी तीन अनोळखी बायका सरकल्या, मला मधे घेतलं, एकीने आपली कोरडी लोकर काढून दिली. त्या रात्री तिथे कोणी नसतं तर माझं काय झालं असतं याचा विचार मी आजही करते. आम्ही चौघी पुढे बरोबरच कटाडिनला पोचलो.

सुरक्षिततेचं म्हणाल तर, ताई, मला माणसांची भीती रानात कधी वाटली नाही, रस्ता ओलांडायच्या जागी वाटली. रस्त्यालगत मुक्काम करायचा नाही आणि आपण कुठे झोपणार हे चारचौघांत सांगायचं नाही, एवढं मी पाळलं. फ्लिप-फ्लॉपलाही वाटेत माणसं भेटतातच. आणि वयाचं मनातही आणू नका. एमा गेटवूड १९५५ मध्ये ६७ व्या वर्षी ही वाट एकट्या चालल्या, तेव्हा बबल सोडाच, आठवडाभरात कोणी भेटलं तरी नवल.

स्प्रिंगरहूनच निघायचं असेल तर मंगळवार-बुधवार धरा. अ‍ॅपलाचियन ट्रेल कॉन्झर्व्हन्सी या वाट सांभाळणाऱ्या संस्थेच्या साइटवर निघायची तारीख नोंदवता येते आणि त्या दिवशी आणखी किती जणांनी नोंदवली आहे ते दिसतं. सक्ती नाही, पण मला फार उपयोग झाला.

जुनी_कुदळ

मी जॉर्जियात वाट राखणाऱ्या एका स्वयंसेवक क्लबात आहे, बारा वर्षं झाली. वर जमिनीबद्दल लिहिलंय ते वाचून बरं वाटलं, कारण लोक गर्दीबद्दल बोलतात ते आपल्याला शांतता मिळाली नाही म्हणून. जमिनीचं कोणी काढत नाही.

सपाट जागेवरचा तळ दर वर्षी फुगत जातो. मधे जागा नाही म्हणून एक जण कडेला तंबू लावतो, पुढच्या आठवड्यात ती कडाच मधली जागा होते. म्हणून हॉक माउंटनपाशी उतार कापून तंबूंच्या ३० जागा केल्या. उतारावर सपाट तुकडा तेवढाच असतो, बाजूला तंबू लागतच नाही, त्यामुळे तळ पसरत नाही. कृपा करून त्या जागा वापरा. शेल्टरामागच्या झुडपांत नवी जागा साफ करू नका.

प्रिव्हीचंही, म्हणजे वाटेवरच्या संडासांचंही सांगतो. आमच्याकडच्या बऱ्याच प्रिव्ही कुजवण्यावर चालतात. दर वेळी मूठभर पाचोळा टाकला की आत हवा खेळती राहते आणि सगळं कुजतं. मार्चमध्ये आम्ही झाकण उघडतो तेव्हा आत प्लास्टिकच्या पिशव्या, ओले टिश्यू, नूडल्सची पाकिटं. यातलं काहीच कुजत नाही. ते चिमट्याने एकेक करून आम्ही बाहेर काढतो आणि पाठीवरून खाली नेतो. ओला टिश्यू कागदासारखा दिसतो, पण तो कागद नाही. तो आपल्याच पिशवीत परत न्यायचा.

आणि एक. ब्लड माउंटनच्या भागात, जॅरर्ड गॅप ते नील्स गॅप, १ मार्च ते १ जून मुक्काम करायचा तर बेअर कॅनिस्टर, म्हणजे अस्वलाला उघडता न येणारा अन्नाचा डबा, सक्तीचा आहे. एवढं अन्न रोज रात्री एकाच जागी येतं म्हटल्यावर अस्वलं येणारच, आणि माणसाच्या अन्नाला चटावलेलं अस्वल बहुतेकदा जिवाला मुकतं. तुमच्या तारखा कुठल्याही असोत, कॅनिस्टर घ्याच.

सावलीची_वाट

कुदळदादा, अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या पॅसिफिक क्रेस्ट ट्रेलवर मेक्सिकोच्या सीमेपासून उत्तरेला निघणाऱ्यांना दिवसाला ५० च परमिटं देतात. इथे तसं का करत नाहीत?

जुनी_कुदळ

इथे वाटेला शेकडो ठिकाणी रस्ते छेदतात आणि ती १४ राज्यांतून जाते. राष्ट्रीय उद्यानं, राष्ट्रीय वनं, राज्यांची उद्यानं, प्रत्येकाचे नियम निराळे. स्मोकीज राष्ट्रीय उद्यानात सलग चालणाऱ्यांचं ४० डॉलरचं परमिट आहे, कटाडिनसाठीही वेगळं परमिट काढावं लागतं. पण स्प्रिंगरवर फाटक नाही. मला स्वतःला वाटतं मार्चपुरती तरी मर्यादा असावी. क्लबात यावर एकमत नाही.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. दोनदा वाचून काढलं. मुळांची साल निघालेली जमीन डोळ्यांपुढून हलत नाही. त्या शनिवारी मीही शेल्टरामागून चालत गेले होते आणि पायाखाली काय आहे ते पाहिलंच नव्हतं.

एकच मनात अडतंय. कटाडिनला पोचायचं, तेही अर्ध्यावर, आणि तिथून गाडीत बसून परत? माझी मैत्रीण म्हणते याला सलग चालणं म्हणत नाहीत.

सावलीची_वाट

म्हणतात. बारा महिन्यांच्या आत सगळी वाट चाललात की झालं. कॉन्झर्व्हन्सी पूर्ण करणाऱ्यांची नोंद घेते तेव्हा दिशा, क्रम, वेग यातलं काही विचारत नाही. सगळे मैल चाललात का, एवढंच.

मन अडतं हे मात्र खरं. कटाडिनवर माझ्या बाजूला जे लोक रडत होते त्यांचं संपलं होतं आणि माझे हजारावर मैल उरले होते. दोन दिवस जड गेले. मग हार्पर्स फेरीला उतरलो, तोच पूल पुन्हा दिसला, आणि या वेळी मी दक्षिणेला वळलो. नोव्हेंबरात स्प्रिंगरवर पोचलो तेव्हा पाटीपाशी मी एकटा होतो. दगडातल्या खणातून नोंदवही काढली, बसून निवांत लिहिलं, मागे कोणी उभं नव्हतं.

रानजाई

ठरलं. एप्रिलचा तिसरा आठवडा, बुधवार, हार्पर्स फेरी. आज तारीख नोंदवते. साबणाची छोटी बाटली पाठपिशवीच्या बाहेरच्या खिशात राहील.

कुदळदादा, तब्येतीने साथ दिली तर नोव्हेंबरात तुमच्या भागात असेन. शेवटचा एक आठवडा हाताशी ठेवते आहे. तुमच्या क्लबाला त्या दिवसांत कामाला माणूस चालेल का?

जुनी_कुदळ

चालेल का काय, हवंच आहे. हातमोजे आणि दाताळं आम्ही देऊ. तेव्हा पानं गळून पडलेली असतात. कडेकडेने फुगलेल्या जागा आम्ही त्याच दिवसांत बंद करतो. आधी कुदळीने माती भुसभुशीत करायची, वर पाचोळा पसरायचा, त्यावर आडव्या फांद्या टाकायच्या, म्हणजे मार्चमध्ये तिथे कोणाला तंबू लावावासा वाटत नाही. तुम्ही सदतीस तंबू मोजलेत त्या शेल्टरामागेही तशा चार-पाच जागा आहेत. तिथूनच सुरुवात करू.