कॅम्प दापोलीच्या आसपास माउंटन बाइकिंग: सड्यावरच्या वाटा, टायर आणि ब्रेक

चिपळूणचा_पॅडल

डिसेंबरात चार दिवस दापोलीत मुक्काम आहे. सायकल हार्डटेल (मागे शॉक नसलेली), २७.५ इंची चाकं, २.१ इंची ट्यूबवाले टायर, पुढे १०० मिमीचा कॉइल (स्प्रिंगचा) फोर्क, मेकॅनिकल (केबलने ओढले जाणारे) डिस्क ब्रेक, ३×८ गिअर (पुढे तीन, मागे आठ चकत्या). माझं वजन ७४ किलो. हर्णै, आंजर्ले, केळशी या डांबरी रस्त्यांची माहिती भरपूर मिळते, पण मला डांबर सोडून फिरायचंय. सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, सायकल नीट चालते का? आसूदला केशवराजाच्या देवळाकडे जाणाऱ्या पाखाडीवरून (दगडी पायऱ्यांच्या वाटेवरून) सायकल उतरवता येईल का? आणि टायर, ब्रेक यांत निघण्याआधी काय बदलावं? शक्य असेल तर एक दिवस कर्दे-मुरूडच्या पुळणीवरूनही (समुद्रकाठच्या वाळूवरूनही) जायचं आहे.

सडेकर

आधी जमीन समजून घ्या, मग वाटा आपोआप सापडतील. दापोली समुद्रसपाटीपासून सुमारे २४० मीटरवर जांभ्याच्या, म्हणजे कोकणातल्या लाल दगडाच्या, पठारावर आहे. १८१८ नंतर इंग्रजांनी इथे लष्करी छावणी टाकली, तेव्हापासून कॅम्प दापोली. गावाभोवती सडे आहेत, आणि सड्याच्या कडेवरून जमीन एकदम खाली वाड्यांकडे, पुढे समुद्राकडे उतरते. म्हणजे वरती जवळजवळ सपाट, कडेला तीव्र उतार. चार दिवसांपैकी दोन दिवस निव्वळ सड्यासाठी ठेवा.

सड्यावर तीन प्रकारची जमीन भेटते. पहिला उघडा कातळ. जांभा सच्छिद्र आणि खरखरीत, त्यामुळे कोरडा असताना टायर अक्षरशः चिकटतो, तिरक्या उतारावरही घसरत नाही. पावसाळ्यात याच कातळावर शेवाळ धरतं आणि सावलीतल्या भागात ते दिवाळीपर्यंत ओलं राहतं. डिसेंबरात ही अडचण फक्त पऱ्याच्या (ओढ्याच्या) काठाला आणि झाडाखाली उरते. काळपट हिरवा डाग दिसला की त्यावर ब्रेक लावायचा नाही आणि हँडल वळवायचं नाही, सरळ जाऊ द्यायचं.

दुसरी जमीन म्हणजे कातळावर पसरलेली सुटी खडी, वाटाण्याएवढे गोल लाल दाणे. खरा धोका इथे आहे. खाली कडक कातळ, वर गोट्या, त्यामुळे वळणावर पुढचं चाक एका क्षणात निघून जातं. वेग वळणाच्या आधीच कमी करा, वळताना पुढचा ब्रेक पूर्ण सोडा, बाहेरच्या पॅडलवर वजन द्या आणि सायकल अंगाखाली कलवा, स्वतः कलू नका.

तिसरी म्हणजे गवताखालची वाट. ऑक्टोबरात गवत कमरेइतकं असतं आणि त्याखालचे खड्डे, चिरे (जांभ्याचे बांधकामाचे ठोकळे) काढलेल्या जुन्या खाणींचे काठ दिसत नाहीत. चिरेखाण म्हणजे सरळ कापलेली उभी भिंत, काठावर कठडा वगैरे काही नसतो. डिसेंबरात बरीचशी गवतकापणी झालेली असते म्हणून तुमचा महिना योग्य आहे, पण अनोळखी सड्यावर चाकोरी सोडून गवतात शिरू नका. चिऱ्याच्या ट्रकांनी पाडलेले रस्ते नकाशात रस्ता म्हणून दिसतात आणि खाणीतच संपतात, हेही लक्षात असू द्या.

वाट शोधायची सोपी पद्धत: गिम्हवणे, जालगाव अशा गावाला लागून असलेल्या वाडीत विचारा, "सड्यावर गुरं कुठून नेता?" गुरांची वाट बहुतेक वेळा सायकलला पुरेशी रुंद असते आणि तिचा चढही गुरांना झेपेल एवढाच असतो. गडग्यातलं (दगड रचून केलेल्या कुंपणातलं) फाटक उघडलंत तर मागे बंद करा, नाहीतर दुसऱ्याची गुरं कलमांच्या बागेत शिरतात आणि पुढच्या सायकलवाल्याला कोणी वाट दाखवत नाही. डिसेंबरपासून आंब्याच्या मोहोरावर औषधफवारणी चालू होते. पंपाचा आवाज आला तर त्या बागेवरून वारा ज्या बाजूला वाहतोय त्या बाजूने जाऊ नका.

केशवराजाची पाखाडी: नाही. ती सुपारीच्या बागांतून खाली उतरते, साकव (छोटा पूल) ओलांडून पुन्हा पायऱ्या चढते, आणि दोन्हीकडे गडगा असल्यामुळे समोरून माणूस आला तर बाजूला व्हायला जागा नसते. डोक्यावर भारा घेतलेली बाई किंवा देवळाला निघालेली आजी तुमच्या ब्रेकच्या भरवशावर का राहील? शिवाय पायरीच्या चिऱ्याचा काठ चाकाच्या माऱ्याने फुटतो, आणि तिथे पाणी शिरलं की पुढच्या पावसात पायरी सुटते. सायकल वर कुलूप लावून ठेवा आणि चालत जा. तिथली गर्द सावली चालतच बघण्यासारखी आहे.

तेल_आणि_ग्रीस

वरचं सगळं बरोबर. सायकलबद्दल सांगतो.

टायर: २.१ चालेल, २.२५ असेल तर उत्तम. आधी मागच्या फ्रेममध्ये टायरच्या दोन्ही बाजूंना किमान ६ मिमी जागा उरते का ते मोजा, कारण लाल चिखल चिकटला की जाडी वाढते. ट्यूबवर ७४ किलोला हवा पुढे २८ आणि मागे ३२ पीएसआयपासून (हवेच्या दाबाचं माप) सुरुवात करा. त्याहून कमी ठेवलीत तर चिऱ्याच्या धारेवर रिम आपटून ट्यूबला जोडीने दोन भोकं पडतात. ट्यूबलेस (ट्यूबशिवाय) केलंत तर २३ आणि २६ पर्यंत उतरता येतं, सीलंट (भोक बुजवणारा द्रव) प्रत्येक चाकात ९० ते १०० मिली. आपल्याकडच्या उष्म्यात सीलंट दोन-तीन महिन्यांत सुकतं, म्हणून निघण्याआधी व्हॉल्व्हमधून तपासा.

इथले पंक्चर करवंदीच्या काट्यांनी आणि बागांच्या कुंपणाच्या तारेच्या तुकड्यांनी होतात. ते पॅचने भागतं. टायरची बाजू जांभ्याच्या धारेने कापली गेली तर मात्र पॅच काही करत नाही, ट्यूब चिरेतून फुगा होऊन बाहेर येते. त्यासाठी जुन्या टायरच्या बाजूचा ५ × ८ सेंमीचा तुकडा खिशात ठेवा आणि आतून चिरेवर बसवा. दुधाच्या पिशवीची चौपदरी घडीही मुक्कामापर्यंत नेते. व्हॉल्व्ह प्रेस्टा (बारीक, लांब तोंडाचा) असेल तर पितळी अडॅप्टर न विसरता घ्या, वाटेतल्या पंक्चरवाल्याच्या पंपाचं तोंड त्यावर बसत नाही.

ब्रेक: समुद्राकडे उतरणारे सगळे रस्ते लांब आणि वळणांचे आहेत. मेकॅनिकल डिस्कचे पॅड झिजले की ब्रेक आपोआप जुळत नाही, लीव्हर हँडलला टेकू लागतो. बहुतेक कॅलिपरमध्ये (पॅड धरणाऱ्या भागात) एकच बाजूचा पॅड हलतो. स्थिर पॅड आतल्या स्क्रूने रोटरच्या (ब्रेकच्या चकतीच्या) अगदी जवळ आणा, घासू देऊ नका, आणि मग केबलचा ताण वाढवा. उलट क्रमाने केलंत तर रोटर वाकून एका बाजूला दाबला जातो आणि ताकद मिळत नाही.

पॅड घेताना रोटरवर काय कोरलंय ते वाचा. फक्त रेझिन पॅड चालतील असं असेल तर सिंटर्ड (धातूचे) लावू नका, रोटर खरवडला जातो. नवे पॅड बसवल्यावर मोकळ्या रस्त्यावर २०-२५ किमी वेगावरून चालण्याच्या वेगापर्यंत, चाक न अडकवता, वीसेक वेळा ब्रेक मारा. हे न करता थेट घाट उतरलात तर पॅड काचेसारखा गुळगुळीत होतो आणि किंचाळतो. उतरताना ब्रेक धरून ठेवू नका: जोरात दाबा, वेग कमी करा, सोडा, थंड होऊ द्या.

चिपळूणचा_पॅडल

पाखाडीचं समजलं, चालतच जाईन. रोटरवर "रेझिन" कोरलेलंच आहे, बरं झालं विचारलं. पुळणीचं कोणी सांगेल का?

खाडीपट्टा

पुळणीवर वेळ चुकली तर सायकल ढकलावी लागते. कोरड्या वाळूत २.१ चा टायर रुततो, ओहोटीने उघडी पडलेली ओली, दाबलेली वाळूच चालते. ओहोटीच्या आधी दीड तास ते नंतर दीड तास एवढा वेळ धरा.

वेळ काढायचा आपल्याकडचा हिशोब तुम्हाला माहीत असेल: तिथीची पाऊणपट करा, साधारण तेवढ्या वाजता भरती, आणि त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती आणि नऊच्या सुमारास ओहोटी. कृष्णपक्षातही तिथी एकपासूनच मोजा. अमावास्या-पौर्णिमेला भरती बाराच्या आसपास, मग सकाळी सहा-साडेसहा आणि संध्याकाळी तशीच ओहोटी, आणि पाणीही सगळ्यात लांब जातं. रोज पाऊण-एक तास पुढे सरकते.

फेरी अशी करा: दापोलीहून बुरोंडीकडे उतरा, तिथून लाडघर, कर्दे, मग पुळणीवरून मुरूड, आणि परतीला आसूदवरून चढा. साधारण ३५ ते ४० किलोमीटर. चढ शेवटी येतो, त्यामुळे मुरूडहून अकराच्या आत निघा. पुढे २२ दातांची चकती असेल तर बसूनच चढता येईल. कर्दे-मुरूडच्या पुळणीवर माणसं, घोडागाड्या आणि पॅरासेलिंगच्या दोऱ्या असतात, सकाळची ओहोटी मिळेल तोच दिवस निवडा.

खारं पाणी लागलं तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा. बादली आणि मग पुरे. गाडी धुण्याचा प्रेशर पंप हबवर, हेडसेटवर किंवा पॅडलच्या आसाजवळ मारलात तर तोच खारट पाणी बेअरिंगच्या आत ढकलतो. चेन पुसून कोरडी करा आणि मग तेल. सीटपोस्ट बाहेर काढून ग्रीस लावून परत बसवा, अॅल्युमिनियमचा पोस्ट मिठाने फ्रेममध्ये असा धरतो की पुढे कापूनच काढावा लागतो.

माळावरची_सायकल

एक राहिलं, फुरसं, हा विषारी साप. जांभ्याच्या सुट्या दगडांखाली आणि गडग्याच्या फटींत असतं, रंग मातीत मिसळणारा. पंक्चर काढायला बसाल तेव्हा मोकळ्या कातळावर बसा, गडग्याला टेकू नका, पडलेलं हत्यार दगडाखाली हात घालून शोधू नका. चावलं तर अवयव स्थिर ठेवा, करकचून बांधू नका, ब्लेडने काप देऊ नका, आणि थेट दापोलीच्या उपजिल्हा रुग्णालयात जा. सड्यावर बऱ्याच ठिकाणी फोनला रेंज नसते, म्हणून एकटे जात असाल तर कुठल्या सड्यावर आणि किती वाजेपर्यंत ते मुक्कामाच्या घरी सांगून निघा. पाणी तीन लिटर, कारण वर सावली नाही आणि डिसेंबरात विहिरी असतात त्या खाली वाड्यांत.