मदत हवी आहे: अल्झायमरच्या एफएमआरआयमध्ये कनेक्टिव्हिटी उलटीच येतेय

वैतागवाडी: दोन महिने झाले, डोकं फुटायची वेळ आलीय, सोमवारी गाईडला दाखवायचंय. अल्झायमरचे पेशंट आणि त्याच वयाचे नॉर्मल, रेस्टिंग एफएमआरआय (माणूस नुसता पडून असताना मेंदूचं काम टिपणारा स्कॅन), मेंदूच्या भागांमधल्या जोडण्यांचा ग्राफ काढला तर पेशंटचं नेटवर्क एकदम रँडम आणि लांबच्या भागांतलं कोरिलेशन (सिग्नल एकत्र वरखाली होणं) कमी पण शेजारशेजारचं चक्क वाढलेलं. कोड तीनदा तपासला. काय चुकतंय पटकन सांगा.

सिग्नलवाला: पटकन कसं सांगणार? किती पेशंट, ॲटलास (मेंदूचे भाग पाडणारा नकाशा) कुठला, थ्रेशोल्ड किती, काहीच लिहिलं नाहीये.

वैतागवाडी: 24 पेशंट, 26 नॉर्मल, एएएल ॲटलासचे 90 भाग. थ्रेशोल्ड सगळ्यांना सारखाच, सगळ्यात मजबूत 10 टक्के जोडण्या ठेवल्या.

सिग्नलवाला: मग रँडमचं उत्तर तिथंच आहे. पेशंटचं कोरिलेशन मुळातच कमी असेल तर 10 टक्के भरायला कमकुवत जोडण्याही आत येतात, म्हणजे बराचसा कचरा.

मेंदूचा_हमाल: थ्रेशोल्ड राहू दे रे. लांबचं कमी, जवळचं जास्त, हा डोकं हलल्याचा ठसा आहे, 2012 मध्ये पॉवर नावाच्या संशोधकाने आणि त्याच्या टीमने हेच दाखवलं. मी स्कॅनरवर बसायचो, आजोबांना हलू नका सांगितलं की दोन मिनिटांत मान वळवून "झालं का?"

सिग्नलवाला: मग ग्लोबल सिग्नल (अख्ख्या मेंदूचा सरासरी सिग्नल) काढून टाक, हलण्याचा बराच परिणाम जातो.

मेंदूचा_हमाल: आणि त्यामुळे गणितानेच निगेटिव्ह कोरिलेशन उगवतात त्यांचं काय? निदान हे भांडण तरी त्याच्या सोमवारनंतर करू.

काकू_डोंबिवली: माझ्या सासूबाई पण हल्ली फार विसरतात हो, हा स्कॅन करून घ्यावा का?

मेंदूचा_हमाल: काकू, हा संशोधनाचा स्कॅन, यावरून एकट्या माणसाचं निदान होत नाही. न्यूरॉलॉजिस्टना दाखवा, बी-12 आणि थायरॉईड बहुतेक आधी सांगतील.

टेम्प्लेटग्रस्त: नॉर्मलायझेशनचे (प्रत्येकाचा मेंदू एकाच साच्यावर, म्हणजे टेम्प्लेटवर बसवण्याचे) फोटो उघडून बघितलेस का एकदा तरी? आकसलेला हिप्पोकॅम्पस (आठवणींचा भाग) तरुणांच्या टेम्प्लेटवर ताणून बसवला की त्या भागात निम्मं पाणीच मोजलं जातं.

वैतागवाडी: फोटो नाही बघितले 😐 पण डोक्याची हालचाल मोजली. सरासरी पेशंट 0.41 मिमी, नॉर्मल 0.17. 0.5 च्या वर हललेल्या फ्रेम (स्कॅनमधली एकेक प्रतिमा) उडवल्यावर पाच मिनिटांचा डेटा फक्त 11 पेशंटकडे उरतो. शेजारचं वाढलेलं गायब झालं, पण डिफॉल्ट मोडमधली (नुसतं पडून असताना चालू राहणारं नेटवर्क) घटही अर्ध्यावर आली.

मेंदूचा_हमाल: त्या 11 जणांचा एमएमएसई (30 गुणांची स्मरण-विचारांची चाचणी, गुण कमी तितका आजार जास्त)?

वैतागवाडी: सगळे 22 च्या वर. गळले ते 15-16 वाले.

सिग्नलवाला: म्हणजे हालचाल काढता काढता आजारच गाळलास की राव.

काकू_डोंबिवली: बी-12 ला उपाशीपोटी जायचं का?