पोलीस पाटील म्हणजे पोलीस की पाटील?

चाकरमानी७७:
मंडळी, आमच्या गावात (गुहागर तालुका) पोलीस पाटलाची जागा निघालीय, धाकटा भाऊ फॉर्म भरतोय. आई म्हणते नको, नसती कटकट, अर्ध्या वाडीशी वैर येईल. सरकारी नोकरी असते का ही? एफआयआर वगैरे तोच लिहून घेतो का?

रापण:
नोकरी नाही ओ, मानधन. साडेसहा हजार होतं ते २०२४ ला १५,००० केलं. पूर्वी पाटीलकी बापाकडून मुलाकडे जायची, ते बंद झालं, मग १९६७ चा ग्राम पोलीस कायदा आला, आता दहावी पास पाहिजे, परीक्षा देऊन घेतात आणि ऑर्डर काढतात प्रांत (महसूल खात्याचे उपविभागीय अधिकारी), पोलीस खातं नाही, हे अर्ध्या गावाला माहीतच नसतं. एफआयआर ठाण्यातच होते. ह्याने खबर द्यायची.

खाजणातला:
खबर म्हणजे काय ता ऐका. आमच्या किनाऱ्याक एकदा भरतीबरोबर मढा लागला, पावसाचे दिवस, रस्तो बंद, ठाण्यातली माणसा पोचली सकाळी. तोपर्यंत पाटील रात्रभर बॅटरी घेऊन थयच बसललो, कुर्ल्ये नि कुत्रे हाकवीत. पंचनाम्यात त्याचा नाव एका ओळीत आयला, झाला.

वाडीची_लेक:
सगळे असे नसतात हां. माझ्या चुलत बहिणीला नवऱ्याने मारलं तर आमच्याकडच्या पाटलाने "घरातलं घरात मिटवा" म्हणून दोन दिवस घालवले. असं मिटवायचा अधिकार त्याला कुठला? दखलपात्र गुन्हा (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) असेल तर ठाण्याने एफआयआर घेतलीच पाहिजे, सुप्रीम कोर्टाने २०१३ ला ललिता कुमारी केसमध्ये सांगितलंय, आणि नाहीच घेतली तर लेखी तक्रार एसपींना पोस्टाने पाठवता येते. भावाला सांगा तेवढं.

रापण:
हे बरोबर. शिमग्यात पालखी आधी कुठल्या वाडीत जायची यावरून जुंपते तेव्हा मिटवावं, तिथे पाटलासारखा माणूस नाही, कोणाचा मान कुठला ते त्याला तोंडपाठ असतं, बाहेरच्या फौजदाराला काय कळणार. मारहाणीत नाही.

चाकरमानी७७:
सगळं फोनवर आईला वाचून दाखवलं. ती विचारते बॅटरीचे सेल कोण देतं?

खाजणातला:
खिशातले 😀