अनेक देशांतले वादक, तालमीला दहाच दिवस: आधी काय ठरवून ठेवावं?

तारसप्तक: बारा-पंधरा देशांतले १८ ते २६ वयाचे साधारण ७० वादक एकत्र येणार आहेत. चेक संगीतकार ड्वोर्झाकची नववी सिम्फनी ऑर्केस्ट्राने बसवायची आहे. सूर जुळवायचा 'ए' हा स्वर कुणी ४४० हर्ट्झला (सेकंदाला ४४० कंपनं) लावतं, कुणी ४४२ किंवा ४४३ ला. गज चालवण्याच्या पद्धतीही वेगळ्या. पहिले तीन दिवस यातच जाऊ नयेत म्हणून काय करावं?

मंद्रषड्ज: सूर निवडपत्रातच कळवा, माझ्या मते ४४२. ४४० पासून हे अंतर जेमतेम ८ सेंट (अर्ध्या स्वराचे १०० सेंट), त्यामुळे तारवाद्यांना काहीच त्रास नाही. अडचण लाकडी फुंकवाद्यांची. ४४० साठी घडवलेल्या क्लॅरिनेटला वर चढायला जागा नसते, आखूड बॅरल (मुखाखालचा नळीचा तुकडा) लागतं, आणि ते वादकाने घरूनच आणायला हवं. खाली उतरायला बॅरल बाहेर ओढता येतं. पण जास्त ओढलं की बॅरलजवळच्या छिद्रांचे सूर बाकीच्यांपेक्षा अधिक उतरतात आणि वाद्याचा आतला मेळच बिघडतो.

पहिल्या दिवशी सूर जुळवायला लार्गोच्या, म्हणजे सिम्फनीच्या संथ दुसऱ्या भागाच्या, सुरुवातीचे ब्रासचे (पितळी फुंकवाद्यांचे) स्वरसंघ घ्या. संथ आहेत, कोण वर आणि कोण खाली ते लगेच ऐकू येतं. ट्यूबाला (सर्वांत खालच्या सुराचं पितळी वाद्य) अख्ख्या सिम्फनीत याच भागात काम आहे, तेव्हा त्यालाही बोलवायला विसरू नका!

गजधर: सगळ्यांना एकाच आवृत्तीचे पार्ट (प्रत्येक वाद्याची स्वरलिपी) द्या, नाहीतर जागा दाखवणारी तालमीची अक्षरं आणि मापांचे क्रमांक जुळत नाहीत. गज वर की खाली न्यायचा याच्या खुणा आधी कॉन्सर्टमास्टरने (पहिल्या व्हायोलिनच्या प्रमुखाने) कराव्यात, मग त्यावरून बाकीच्या विभागप्रमुखांनी. प्रत्येकाने स्वतंत्र खुणा केल्या तर तोच फ्रेज (सुरावटीचा तुकडा) पहिल्या व्हायोलिनकडे वर आणि व्हायोलाकडे खाली जातो. स्कॅन प्रती सहा आठवडे आधी पाठवा. खुणा पेन्सिलनेच, कारण कंडक्टर त्या बदलणारच.

नुसती वर-खालीची खूण पुरत नाही. गज मुळाशी, मध्यावर की टोकाला, तेही लिहा. दिशा एक असूनही आवाज फाटतो तो बहुतेक वेळा यामुळेच. डबल बासवाल्यांची पकड मात्र बदलायला लावू नका. जर्मन (खालून धरायचे) आणि फ्रेंच (वरून धरायचे) गज शेजारी शेजारी चालतात.

तारसप्तक: आभार. हॉर्नचं काय? मूळ पार्ट बहुतांशी ई आणि सी मध्ये लिहिलेले आहेत, आजचा हॉर्न सहसा एफ मध्ये वाचतात.

मंद्रषड्ज: मूळ आणि एफ मध्ये बदललेले, दोन्ही पाठवा. काही देशांत वाचता वाचता सूर बदलायचं शिक्षण पक्कं असतं, काही ठिकाणी नसतं.

गजधर: वादकांना बसवताना एका स्टँडवर (दोघांत एक स्वरलिपी ठेवायची घोडी) दोन देशांचे वादक. १९९९ मध्ये वायमारला सुरू झालेल्या वेस्ट-ईस्टर्न दिवान ऑर्केस्ट्रात इस्रायली आणि अरब वादक असेच एका स्टँडवर बसतात. जागा बदलायच्या तर दोन रचनांच्या मध्ये बदला. आणि एक निकडीचं: कुणाच्या गजाच्या टोकाला हस्तिदंत किंवा वाद्यात ब्राझिलियन रोझवूड असेल तर सीमा ओलांडताना साइट्सचं (दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) वाद्य-प्रमाणपत्र लागतं. ते मिळायला वेळ लागतो, म्हणून निवडीच्या अर्जातच ही माहिती विचारा. हस्तिदंत असेल तर सर्वांत सोपं म्हणजे दौऱ्यापुरता दुसरा गज आणणं.